पंचवीस डॉलरचा दाखला

५ जानेवारी, रविवार

ही वही बँकेत फुकट मिळाली. दोन घेतल्या. दुसरी अडीअडचणीला.

यंदाचा संकल्प: कुटुंबाला कॅरिबियन समुद्रात सात दिवसांची जहाजाची सफर घडवायची, आणि तीही अशा भावात की टोलेडोत कोणाला सांगितलं तर त्याची झोप उडावी. मी, लाइल डोम्ब्रोव्स्की, नळाच्या तोट्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं खरेदी खातं सांभाळतोय. एका पितळी व्हॉल्वमागे तीन सेंट सोडवून घेतलेला माणूस. जहाजवाले माझ्यापुढे किती वेळ टिकतात ते बघू.

जाणारे पाच. मी, नोरीन, टेसा (वय अठरा, ऑगस्टमध्ये कॉलेजला पार ओरेगॉनला जाणार), ओवेन (तेरा), आणि सासूबाई, म्हणजे वांडा (एकोणऐंशी). सासूबाई कशाला, असं मी विचारलं. नोरीन म्हणाली, त्या अजून आहेत म्हणून. उत्तर नीटसं कळलं नाही, पण वाद घातला नाही. वाद कमी करायचा हाही संकल्प आहे.

संध्याकाळी नोरीनने एक अट घातली. जशीच्या तशी लिहून ठेवतो, कारण मला लपवण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "लाइल, ते सात दिवस कशाचीही किंमत तोंडातून काढायची नाही. एकोणीस वर्षांत तुला एक दिवस जमलेलं नाही. या वेळी नाही जमलं तर मी ओवेनला घेऊन आईकडे राहायला जाईन."

आवाज चढवला नव्हता. गमतीत म्हणाली असणार. शिवाय अट सात दिवसांचीच आहे. त्याआधीचे सगळे महिने मोकळे आहेत.

१९ जानेवारी, रविवार

दोन आठवडे कसून अभ्यास केला. धोरण ठरलं.

विमान नाही. फ्लोरिडाचं बंदर इथून अठरा तासांवर, आपली व्हॅन आहे, आणि नुसतं बसून राहायला कोणाला काय कष्ट. वाटेत हॉटेल नाही. जहाजावर जेवण भाड्यातच असतं, तेव्हा आदल्या दिवशी सगळ्यांनी कमी खायचं. बेटांवरच्या सहली घ्यायच्या नाहीत, बेट पायीही दिसतं. फोन सातही दिवस बंद. जहाजावर दारूचे भाव डोळे पांढरे करणारे असतात, त्यावर एक उपाय वाचलाय. तो इथे लिहीत नाही.

१५ जूनचं जहाज सगळ्यात स्वस्त. त्या दिवशी फादर्स डे आहे, म्हणजे मुलांना मला वेगळी भेट द्यायला नको. हे टेसाला सांगितलं. ती म्हणाली, गेल्या वर्षी आम्ही दिलेला शर्ट तू दुकानात परत करून पैसे आणले होतेस. आणले होते. त्यात काय चुकलं ते तिने सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई चर्चमधून थेट आल्या. कोबीच्या पानांत खिमा-भात भरून केलेले रोल आणले, मोठं पातेलं भरून. आमचा तीन दिवसांचा स्वयंपाक वाचला.

जेवणानंतर त्यांनी मला एकट्याला गॅरेजमध्ये बोलावलं आणि पर्समधून एक पाकीट काढलं. आत आठशे डॉलर रोख. सासरे तीस वर्षं लोखंडाच्या खनिजाची जहाजं घेऊन मोठ्या सरोवरांत फिरायचे. सासूबाई म्हणाल्या, "त्याने तीस वर्षं पाणी बघितलं, मी तीस वर्षं त्याचे कपडे धुतले. एकदा नेतो म्हणायचा. मला खिडकीची खोली घे, लाइल. सकाळी डोळे उघडले की समुद्र दिसला पाहिजे. बाकी मी काही मागणार नाही."

नोटा मी तिथेच दोनदा मोजल्या. आठशे म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

बुकिंग झालं!

दोन केबिन. एकीत मी, नोरीन आणि ओवेन. दुसरीत सासूबाई आणि टेसा. दोन्ही आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या, आणि त्यातही 'मिळेल ती' या प्रकारातल्या, म्हणजे जहाजाच्या पोटात कुठे टाकायचं ते कंपनीच ठरवणार. यापेक्षा खाली फक्त इंजिन आहे.

खिडकीचा प्रश्न मी विचारपूर्वक सोडवलाय. प्रत्येक केबिनमध्ये टीव्ही असतो, आणि त्यातल्या एका चॅनेलवर जहाजाच्या टोकाला बसवलेल्या कॅमेऱ्यातून चोवीस तास समुद्र दाखवतात. सासूबाईंचा पलंग टीव्हीसमोर घेऊ. खिडकीतून एकाच बाजूचा समुद्र दिसतो, टीव्हीवर समोरचा दिसतो. शिवाय आवाज कमी-जास्त करता येतो.

आठशे डॉलर सफर-निधीत जमा. सासूबाईंना योग्य वेळी सांगेन.

१ मार्च, शनिवार

आज कागदपत्रांचा दिवस. पासपोर्ट काढायचा तर माणशी दीडशेच्या वर जातात. मूर्ख लोक काढतात. जहाज ज्या बंदरातून निघतं तिथेच परत येत असेल, तर अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला आणि ड्रायव्हिंग लायसन पुरतं. हा नियम मी स्वतः शोधून काढला. पाच माणसांचे आठशेच्या वर वाचले. हे घरात जाहीर केलं तेव्हा टाळ्या वगैरे अपेक्षित नव्हत्या, पण निदान मान वर करायला हरकत नव्हती.

नोरीनने आरोग्य कार्यालयातून जन्मदाखले मागवायला घेतले, दर दाखला पंचवीस डॉलर. स्वतःचा, मुलांचे, आईचा. शंभर डॉलर गेले. तुझाही मागवू का, असं तिने विचारलं. मी हसलो. माझा आहे. माझ्या आईने जपून ठेवला होता, इस्पितळाचा, जाड कागद, सोनेरी किनार, वर चोचीत बाळ घेऊन येणाऱ्या करकोच्याचं चित्र, आणि खाली माझ्या दोन्ही पावलांचे काळ्या शाईतले ठसे. असला दाखला आज पंचवीस डॉलरला कोण देईल.

१६ मार्च, रविवार

जेवताना दाखला सगळ्यांना दाखवला. ओवेनला पावलं बघून हसू आलं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि मी लहानपणी बरा होतो असं म्हणाल्या.

टेसाने लगेच फोनमध्ये काहीतरी वाचलं आणि सांगायला लागली की हा दाखला चालत नाही, हा इस्पितळ नुसतं आठवण म्हणून देतं, सरकारी दाखल्यावर उठावाचा शिक्का लागतो. मी म्हणालो, इंटरनेटवर प्रत्येकाला काहीतरी विकायचं असतं. ती पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात नोरीनने टेबलावर तिचा हात दाबला आणि मानेनेच नको म्हणाली.

बायको असावी तर अशी. मुलांसमोर नवऱ्याची बाजू सांभाळते.

१२ एप्रिल, शनिवार

व्हॅनचे टायर पार गुळगुळीत झालेत. फ्लोरिडापर्यंत जाऊन यायचं तर बदलणं भाग होतं. चार टायर, बसवणावळ, सगळं मिळून सातशे नव्वद. निधीतून दिले. सासूबाईही याच व्हॅनमधून जाणार आहेत, तेव्हा हिशेबाने पैसे त्यांच्यासाठीच खर्च झाले. वर दहा डॉलर उरले.

पावती व्हॅनच्या दाराच्या कप्प्यात ठेवली. टायरची हमी पाच वर्षांची आहे. सासूबाईंची तेवढी धरवत नाही, पण हे मी कोणाला बोललो नाही. माणसाने मन राखावं.

नोरीनने आज पुन्हा दाखल्याचं काढलं. आरोग्य कार्यालय तुझ्या कारखान्याच्या समोरच आहे, जेवणाच्या सुट्टीत जाऊन ये, म्हणाली. मी तिला समजावलं की असे पंचवीस-पंचवीस करूनच लोक कंगाल होतात. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलेलं दिसलं.

१० मे, शनिवार

उपाय अंमलात आणला. चूळ भरायच्या हिरव्या औषधाच्या तीन मोठ्या बाटल्या आणल्या, औषध सिंकमध्ये ओतलं, आत पांढरी रम भरली आणि केकमध्ये घालतात तो हिरवा रंग थेंब थेंब टाकला. औषध आणि रम शेजारी शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही.

ओवेन बघत होता. हे चोरून नेणं आहे का, असं त्याने विचारलं. त्याला म्हटलं, हे नियोजन आहे. त्याने शाळेच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मुलगा माझ्यावर गेलाय.

३१ मे, शनिवार

क्रूझवर जाणारी कुटुंबं सगळ्यांसाठी एकसारखे टी-शर्ट छापून घेतात. छपाई महाग. पण छापखान्यात एका कुटुंबाने न नेलेले टी-शर्ट पडून होते, दोन डॉलरला एक. पाच घेतले. केशरी रंग, पाठीवर ठळक अक्षरांत 'हार्ग्रोव्ह कुटुंब, स्नेहमेळावा'. समुद्रावर आपलं आडनाव कोण वाचायला येतंय.

घरात कोणी घालायला तयार नाही. टेसा म्हणाली, हार्ग्रोव्ह कुटुंबाने तरी तो मेळावा का रद्द केला असेल. मी म्हटलं, पैसे वाचवायला. त्यावर नोरीन हसली, फार दिवसांनी. मीही हसलो. मग लक्षात आलं की ती थांबत नव्हती.

झोपायच्या आधी म्हणाली, दाखल्याचं मी शेवटचं विचारतेय. मी शेवटचं नाही म्हणालो. विषय संपला.

१४ जून, शनिवार. जॉर्जियातल्या हायवेवरची विश्रांतीची जागा, दुपार

पहाटे चारला निघालो. बर्फाच्या पेटीत चोवीस उकडलेली अंडी आणि तीस सँडविच. कोणी खात नाहीये. कमी खायचं ठरलंच होतं, तेव्हा तक्रार नाही.

केंटकीत टेसा गाडी चालवते म्हणाली. दिली नाही, ती वेगात चालवते आणि पेट्रोल जास्त लागतं. नोरीनने टेनेसीत एक वाजवी हॉटेल दाखवलं. मी वाजवी नाही म्हणालो. तिने बोटं मोजल्यासारखी केली आणि म्हणाली, अट उद्या दुपारपासून सुरू.

एक नुकसान झालं. सासूबाईंना प्रवासात मळमळलं म्हणून त्यांनी माझ्या बॅगेतलं हिरवं औषध चूळ भरायला घेतलं. एक चूळ भरली. मग दुसरी भरली. तिसऱ्या वेळी चूळ बाहेर आली नाही. अटलांटा येईपर्यंत पाऊण बाटली संपली होती आणि त्या सासऱ्यांच्या जहाजावरची अशी काही गाणी म्हणत होत्या की ओवेनच्या कानावर हात ठेवावे लागले. त्याने हात काढून टाकले.

आत्ता झोपल्यात. चेहरा अगदी तृप्त. एवढी रम जहाजावर प्याल्या असत्या तर किती बिल झालं असतं याचा विचार करून मी स्वतःला समजावतोय.

१५ जून, रविवार, फादर्स डे. दुपारी साडेतीन. व्हॅनमध्ये

क्रमाने लिहितो.

काल रात्री वाटेतल्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, व्हॅनमध्येच सगळे झोपलो. सकाळी गाडी उभी करायची जागाही स्वस्त शोधली होती, बंदरापासून दोन मैलांवर, मासेमारीच्या आमिषांच्या दुकानामागे. मालक डेल नावाचा माणूस, दिवसाला पाच डॉलर. तिथून बॅगा ओढत चालत गेलो. मी केशरी शर्टात. बाकीचे माझ्यापासून थोडं अंतर ठेवून.

बंदरावरच्या मोठ्या हॉलमध्ये काउंटरला एक तरुण मुलगी होती, सगळ्यांना छान हसून बोलत होती. नोरीनचा दाखला घेतला, अंगठ्याने शिक्का चाचपला, परत दिला. टेसाचा, ओवेनचा, सासूबाईंचा, सगळ्यांचा तसाच. मग माझा घेतला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. करकोच्याकडे बघितलं.

म्हणाली, "सर, हा इस्पितळाने आठवण म्हणून दिलेला असतो. हा दाखला नाही."

मी शांतपणे समजावलं की यावर जन्माची तारीख आहे, वेळ आहे, वजन आहे, सरकारी कागदावर वजन असतं का? आणि पावलांचे ठसे आहेत. ठसे खोटे असतात का? तिला पटेना. तेव्हा मी पुरावाच द्यायचं ठरवलं. बूट काढला, मोजा काढला आणि पाय काउंटरवर ठेवला. मागच्या रांगेत कोणीतरी फोन वर धरला. ओवेन हळूहळू सरकत दुसऱ्याच एका कुटुंबात जाऊन उभा राहिला.

वरिष्ठ आला. त्याने माझ्या लायसनवरचं नाव वाचलं, मग पाठीवरचं नाव वाचलं, आणि आपण नेमके कोण असं अदबीने विचारलं. आमच्या ओहायोचं आरोग्य कार्यालय आज रविवार म्हणून बंद. जहाजाचे दरवाजे तीनला बंद.

नोरीनने मुलीला विचारलं, बाकीचे जाऊ शकतात का. हो, म्हणाली. नोरीनने मान हलवली. मी मनात मोजलं, तिने चार सेकंद विचार केला. एकोणीस वर्षांच्या संसाराला चार सेकंद म्हणजे तशी ती घाईत होती.

मग तिने आणखी एक विचारलं, खिडकीची खोली शिल्लक आहे का. मुलीने बटणं दाबली. खिडकीची नव्हती, पण बाल्कनीची एक चौघांची होती, शेवटच्या क्षणी कोणी रद्द केलेली, आणि जवळजवळ फुकट देत होते. पाच महिने मी ज्या भावाच्या मागे होतो तो तिला नुसतं विचारल्यावर मिळाला. भाव किती होता ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलं, पण तिने सांगितलं नाही.

तिने व्हॅनची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "दाखला काढ म्हणून मी तुला तीनदा सांगितलं, लाइल. आता सात दिवस किंमत काढायची नाही ते तरी जमेल. ऐकायला कोणी असणार नाही."

मी मोठ्या मनाने म्हणालो, तुम्ही जा, माझी काळजी करू नका. हे म्हणालो तेव्हा ते सरकत्या जिन्यावर होते. टेसाने वळून बघितलं. सासूबाईंनी हात हलवला. ओवेनने नाही.

जहाज आत्ता सुटलं. डेलच्या दुकानामागून बाराव्या मजल्यापासून वरचं दिसतं. भोंगा सुंदर आहे. या भोंग्याचे पैसे आम्ही भरलेत, आणि मला इथूनही ऐकू येतोय.

१६ जून, सोमवार. व्हॅन

परत जाऊन काय करायचं? पुन्हा न्यायला यायचं तर पेट्रोल दुप्पट. इथेच थांबतो. अंडी चौदा उरलीत, सँडविच बावीस. खरं तर माझी सुट्टी माझ्या माणसांपेक्षा स्वस्तात होतेय.

भाड्याचे पैसे परत मिळत नाहीत. पण जहाजावर माणशी रोज बक्षिशी कापतात, ती माझी सात दिवसांची वाचली. हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डेल सकाळी आला. गाडीला पाच डॉलर, पण गाडीत माणूस असेल तर बारा, असं म्हणाला. ही लूट आहे. दुपारभर घासाघीस केली. आता चौदा देतोय, कारण त्याचा संडास वापरतो.

१८ जून, बुधवार. व्हॅन

ऊन फार. अंड्यांचा वास व्हॅनमध्ये बसला. हिरवी रम पितोय. आरशात बघितलं तर जीभ पोपटी झालीय.

फोन बंद ठेवायला मीच सांगितलं होतं, आणि ते माझं पहिल्यांदाच इतकं ऐकतायत. मात्र संध्याकाळी टेसाने कुठल्यातरी बेटावरून एक फोटो पाठवला. जेवणाचं टेबल, पांढरा कपडा, मागे बाल्कनीतून संध्याकाळचा समुद्र. नोरीनच्या अंगात निळा ड्रेस, तो मी कधी बघितला नव्हता. ओवेन तोंड भरून हसतोय, त्याचे पुढचे दात इतके सरळ झालेत हे मला माहीत नव्हतं. पाचव्या खुर्चीत टॉवेल गुंडाळून केलेलं माकड बसवलंय, ते केबिनमधले नोकर रोज करून ठेवतात म्हणे. खाली टेसाने लिहिलंय, "आजी म्हणते, हा तुझ्या जागी बरा आहे, गप्प बसतो."

म्हणजे माझी जागा रिकामी ठेवलीय. आठवण काढतायत.

फोटो बराच वेळ बघितला. मोठा करून बघितला. शेवटी बॅटरी संपली.

२० जून, शुक्रवार. व्हॅन

सँडविच संपली नाहीत, पण मी थांबवली.

नोरीनची अट आठवली. आज पाच दिवस पूर्ण. या पाच दिवसांत मी तिच्यासमोर किंमत हा शब्द काढलेला नाही. आणखी दोन दिवस काढले की अट पूर्ण होते, आणि ती मोडल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. म्हणजे झालं ते एका दृष्टीने बरंच झालं. जहाजावर असतो तर एखाद्या वेळी बोलून गेलो असतो.

रविवारी नीट दाढी करायची. काहीही विचारायचं नाही. नुसतं म्हणायचं, मजा आली ना? दहा वेळा म्हणून सराव केला. डेल खिडकीतून बघत होता.

२२ जून, रविवार. दुपार. व्हॅन

दाढी केली. जहाज सकाळी आलं. बाहेरच्या कुंपणाशी दीड तास उभा होतो.

चौघे आले. रापलेले, सैल, कशाचीच घाई नसल्यासारखे. सासूबाईंच्या गळ्यात शिंपल्यांची माळ. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली. म्हणाल्या, रोज पडदा उघडाच ठेवून झोपायचे, डोळे उघडले की निळं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने विचारलं, "टायर कसे आहेत, लाइल?"

पावती दाराच्या कप्प्यात होती आणि त्या अठरा तास त्या दाराशी बसल्या होत्या, हे मला तेव्हा सुचलं. टायर चांगले आहेत, एवढंच म्हणालो.

मग नोरीनने सांगितलं की ते चौघे विमानाने जातायत, तिकिटं झालीत, टॅक्सी उभी आहे. बॅगा फक्त तू व्हॅनमधून आण. मी तोंड उघडलं. मजा आली ना, हेच म्हणणार होतो, इतका सराव केला होता. पण बाहेर आलं ते असं, "विमानाची तिकिटं केवढ्याला पडली?"

ओवेनने घड्याळ बघितलं आणि टेसाला म्हणाला, दोन मिनिटं दहा सेकंद, मी जिंकलो. टेसाने निमूटपणे त्याला पाच डॉलरची नोट दिली. तिने माझ्यावर पैज लावली होती. दिवसभर टिकेन असं ती म्हणाली होती. तिचे डोळे भरून आले होते, पाच डॉलर गेले म्हणून असेल.

मी म्हणालो, सात दिवस संपलेत, आज आठवा आहे. नोरीन म्हणाली, "हो. संपलेत." आणि टॅक्सीचं दार लावलं.

बॅगा चढवताना बघितलं. सगळ्या बॅगांच्या चिठ्ठ्यांवर सासूबाईंच्या घरचा पत्ता होता. नोरीनच्या बॅगेवर, ओवेनच्या बॅगेवरही. आधी वाटलं, चुकून लिहिला असेल. पण अक्षर ओवेनचं होतं, आणि त्याचं अक्षर इतकं नीट मी कधी बघितलेलं नाही.

२४ जून, मंगळवार. टोलेडो

बॅगा सासूबाईंच्या व्हरांड्यात ठेवल्या. दार कोणी उघडलं नाही. आत जेवणाचा वास येत होता. कोबीचे रोल असावेत.

घरी मी एकटाच. विजेचं बिल निम्म्यावर येईल.

जेवणाच्या सुट्टीत आरोग्य कार्यालयात गेलो. कारखान्यापासून एकशे वीस पावलं. पंचवीस डॉलर भरले. दाखला सहा मिनिटांत मिळाला, करकोचा नाही, ठसे नाहीत, साधा कागद. शिक्का उठावाचा आहे, अंगठ्याला लागतो.

नोरीनला दाखवायचा म्हणून फोन केला. उचलला नाही. मग मनात आलं, आता दाखला आहे, सुट्टी उरलीय, माणसाने खचून चालत नाही. जहाजाच्या कंपनीला फोन लावला. सप्टेंबरमध्ये स्वस्त असतं. पलीकडची बाई गोड बोलत होती. किती जण, विचारलं. मी एक म्हणालो.

ती म्हणाली, केबिन दोघांच्या हिशेबाने असते, एकटा माणूस असला तरी भाडं दोघांचं पडतं.

काही सवलत होते का विचारलं. नाही होत. वरिष्ठांशी बोलायला मागितलं. त्यांनीही तेच सांगितलं.